बिनहळदीचं वरण

घरमालक काकांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहायला गेले आणि तिसऱ्याच दिवशी मोरीतला नळ गळायला लागला. पुढच्या खोलीत जाऊन म्हटलं, "काका, नळ गळून राह्यला." काकांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "लेखी द्या."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. थट्टा कसली! पाच मिनिटं तिथं उभी राहिले तरी पुढचा शब्द नाही. मी तणतणत आत गेले, वहीचं पान टरकन फाडलं, 'मोरीतला नळ गळतो, दुरुस्त करावा' एवढं खरडलं आणि त्यांच्या पुढ्यात आपटलं. त्यांनी ते परत केलं. तारीख नव्हती. तारीख घातली, तेव्हा खणातून शिक्का काढून 'पोचले' असा ठोकला, कागद तारेला टोचला आणि त्याच क्षणी पान्हा घेऊन मोरीकडे निघाले. दहा मिनिटांत नळ नीट. म्हणजे माणूस आळशी नव्हता हो. तोंडी बोललेलं त्यांच्या कानांत शिरत नसे, एवढंच.

मी तेव्हा मराठी शाळेत मास्तरीण होते. माहेर मुधोळचं, नोकरी त्याच आदिलाबाद जिल्ह्यातल्या या गावात. गल्ली बसस्टँडच्या मागची, जुनी. तीन-चार पिढ्यांपूर्वी येऊन राहिलेली मराठी घरं, प्रत्येक घरापुढं शहाबादी फरशीचा ओटा, संध्याकाळी त्यावर पाय सोडून बसलेली माणसं. काकांना सगळी गल्ली 'नक्शेकाका' म्हणायची. सरकारी नकाशांच्या कचेरीत ते ट्रेसर होते, म्हणजे नकाशे उतरवून काढणारे आणि रंगवणारे. सारी नोकरी त्यात गेली आणि त्या नोकरीचा त्यांना भारी तोरा. "पुऱ्या नोकरीत एक खाडाखोड दाखवा," असं ते पाहुण्यालाही सुनवायचे. पाहुणा बिचारा सत्यनारायणाच्या प्रसादाला आलेला असायचा.

लेखीच्या बाबतीत त्यांनी काकूंनाही सोडलं नव्हतं. एकदा मात्र काकूंनी बरोबर पकडलं. काकांनी चहा मागितला, तर काकू माजघरातून म्हणाल्या, "लेखी द्या." आम्ही ऐकणारे हसलो. काका नाही हसले. त्यांनी खाली कार्बन घालून अर्ज लिहिला, 'अर्जदारास चहा मिळावा, साखर कमी,' अस्सल काकूंना दिला आणि नक्कल तारेला टोचली. चहा मिळाला. साखर जास्त होती.

दारावर एक पत्र्याची पाटी होती. नाव, गल्ली, गाव आणि सगळ्यात खाली राज्याचं नाव. त्या खालच्या ओळीवर रंगाचा इतका जाड थर बसला होता की बोट फिरवलं तर हाताला लागायचा. पाटी त्यांच्या वडिलांची. मूळ अक्षरं निजामाच्या वेळची, त्यावर हैदराबाद स्टेट, त्यावर आंध्र प्रदेश. तेलंगणा झालं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी फटाके फुटत होते आणि काका स्टुलावर चढून बारीक कुंचल्यानं चौथं नाव रंगवत होते. मी विचारलं, "नवीन पाटीच का नाही करत?"

"काऊन करू? मी कुठी गेलो काय? ह्याच ओट्यावर बसून हाव. येऊन-जाऊन राह्यले ते सरकारं. त्यायच्यासाठी मी पाटी बदलू?"

आणि ओट्याबद्दल तर बोलूच नका. बसस्टँड जवळ, त्यामुळे मोबाइलवाले, बूटवाले, टॉवरवाले, सगळ्यांचा डोळा त्या ओट्यांवर. एक जण महिन्याचं भाडं आगाऊ घेऊन आला होता. काकांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "बसलास ना? बस. दिवसभर बस. ओटा बसायले हाय, दुकान मांडायले नाई." तो माणूस खरोखरच अर्धा तास बसला आणि निघून गेला.

त्यांची आणखी एक तऱ्हा मला बरेच दिवस कळली नव्हती. काका हळद खात नसत. काकू त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात पांढरं वरण करायच्या, भाजीसुद्धा बिनहळदीची. मी विचारलं तर काका म्हणाले, "पित्त हाय." काकूंनी मान वळवली आणि उगाच चुलीवरचं झाकण सरळ केलं. मी मनात म्हटलं, लिंबाचं लोणचं, तेही बिनहळदीचं, वाटीभर खातो तेव्हा कुठं जातं पित्त! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या की ते बाहेर ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसायचे. लोक म्हणायचे, नक्शेकाकांच्या डोक्याचा एक स्क्रू ढिला आहे. मलाही तसंच वाटायचं.

मग जिल्हे फुटले. आदिलाबादचे चार जिल्हे झाले. माझं मुधोळ एका सकाळी निर्मल जिल्ह्यात गेलं. बाबा नेहमीच्या बाजेवर, मी नेहमीच्या शाळेत, आणि बापलेक दोन जिल्ह्यांत. शाळेत आम्हाला तक्ते भरायला लावले, कुठला जिल्हा हवा म्हणून. मी चिडून काकांना सांगितलं, "मले कोणी विचारलं होतं काय, जिल्हा तोडू का म्हणून?" ते म्हणाले, "तक्त्यात शेरा लिहा तसा." मी लिहिला. वरून काही आलं नाही, पण लिहिल्यानं बरं वाटलं, हे कबूल करते.

नवे जिल्हे, नव्या कचेऱ्या, तर गावाचा आराखडाही नवा हवा. हैदराबादच्या कुठल्याशा कंपनीनं तो केला आणि नगरपालिकेच्या भिंतीवर लागला. पिवळा रंग म्हणजे राहती वस्ती, लाल म्हणजे बाजार. आमची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक. मग अर्थ कळला. लाल झाली की घराच्या दुरुस्तीला परवानगी नाही, बांधायचं तर दुकानंच. रस्ता रुंद होणार, दोन्हीकडचे ओटे आणि पुढच्या खोल्या जाणार. काका-काकू पुढच्याच खोलीत राहायचे. काकूंचे गुडघे गेलेले, त्यांचं सारं जग त्या खोलीपासून ओट्यापर्यंत. ते सगळं बुलडोझरच्या वाटेत.

हरकती द्यायला एक महिना होता. त्या दिवशी पहिल्यांदा सगळी गल्ली लेखी द्यायला तयार होऊन काकांच्या दारात उभी राहिली. ज्या माणसाला इतकी वर्षं हसलो, त्याच्याकडे! समोरच्या पोस्टमास्तरीणबाई तर कोरे कागद घेऊनच आल्या. "काका, सांगा काय लिहाचं ते."

काका म्हणाले, "अस्सल नक्शा पाह्यल्याबिगर मी काहीच लिहिणार नाई."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला रजा टाकून त्यांच्याबरोबर नगरपालिकेत गेले. कंपनीचा इंजिनियर तिथं संगणक घेऊन बसला होता. तरणा, सभ्य मुलगा. म्हणाला, "अंकल, हमने कुछ नहीं बदला. आप का पुराना प्लान ही ऐसा है. उस में ये गली कमर्शियलच है. रेकॉर्ड में जो रंग, वही हम ने लिया." आणि त्यानं मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं जुना नकाशा टांगलेला होता, कापडावर चिकटवलेला, हातानं रंगवलेला. सगळ्या वस्त्या पिवळ्या, बाजारपेठ लाल, आणि आमची गल्लीही लाल.

काका नकाशाजवळ गेले. खालचा कोपरा धरून त्यांनी तो जरासा वर उचलला, मागची भिंत पाहिली, ओल आलेली, चुन्याचे पोपडे सुटलेली. नकाशा पुन्हा अलगद सोडला. बोटाला चुना लागला होता, तो त्यांनी धोतराला पुसला. चेहरा असा उतरला की मी घाबरले. ते तसेच घराकडे चालू लागले.

तीन दिवस तसेच गेले. लोक येत, ओट्यावर बसत, जात. काका टेबलापुढं, टोपण न काढलेलं पेन हातात. चौथ्या दिवशी माझा तोल सुटला. दारात उभी राहून ओरडले, "नळ गळतो म्हटलं तर तारीख मागता तुमी! इथं अख्खी गल्ली चालली अन् तुमाले लिहायले हात उठत नाई? शोभते काय?"

 उत्तर काकूंनी दिलं. आतून भिंतीला धरत धरत आल्या आणि म्हणाल्या, "लिहा आता. तिचं काय चुकलं? मी हाव ना संगं."

त्यांनी लिहिलं. आधी एक छोटा अर्ज: सुनावणीच्या दिवशी जुना अस्सल नक्शा समोर आणावा. पोच घेतली. मग दुसरा कागद, तो आम्हाला कुणाला दाखवला नाही.

सुनावणी नगरपालिकेच्या मोठ्या खोलीत होती. मंचावर मोठे साहेब, शेजारी इंजिनियर, टेबलावर जुना नकाशा पसरलेला. आमची माणसं एकेक करून उठली. कुणी तेलुगूत, कुणी हिंदीत, सांगणं एकच, आमची गल्ली राहती आहे. साहेबांचं हिंदीतलं उत्तरही एकच. "मान्य आहे, पण जुन्या आराखड्यातच बाजार दाखवलाय. तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, आता रेकॉर्ड कसं नाकारू?" माणसं खाली बसत गेली. 

मग काका उठले. काकूंना ऑटोनं आणलं होतं, त्याही काठी टेकत उठल्या. त्यांच्या हातात कापडी पिशवी. तिच्यातून निघालं काय, तर हळदीची पुडी, चुन्याची डबी आणि एक लिंबू. साहेब बघतच राहिले. मला तर वाटलं, ही दोघं नकाशाची दृष्ट काढायला आली की काय!

काकांनी कोरा कागद टेबलावर ठेवला. हळद पाण्यात कालवून बोटानं एक पट्टा ओढला. "साब, ये देखो. पिवळा." मग डबीतला चुना करंगळीवर घेऊन त्यावर फिरवला. पट्टा लाल झाला.

मागं बसलेल्या बायकांमध्ये एकदम गलका झाला. "अगं बाई! कुंकू!" घरी कुंकू करणारी प्रत्येक बाई एका क्षणात समजली. साहेबांना मात्र समजेना. "इदेमिटी? ये क्या है बाबा?"

"साब, इस गली का लाल बाजार का लाल नहीं है. वो हळद है. और लगाने वाला मैं हूँ."

आणि त्यांनी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तोंडी, भरल्या सभेत. नोकरीला नवे लागले होते, लग्नही नवं. गावाचा पहिला आराखडा रंगवायचं काम त्यांच्याकडे आलं. आपली गल्ली सगळ्यात शेवटी, निवांत, मन लावून रंगवीन म्हणून त्यांनी राखून ठेवली. आणि नेमकी तिच्याच वेळी पिवळ्या शाईची बाटली संपली. दुसरी हैदराबादहून यायची, नकाशा दुसऱ्या दिवशी वर जायचा. सरकारी नकाशा घरी न्यायची बंदी, तरी त्यांनी तो घरी नेला. काकूंनी हळद वाटून डिंकात कालवून दिली. रंग इतका सुरेख उठला की तेव्हाच्या साहेबानं शाबासकी दिली. पुढं तो नकाशा वर्षानुवर्षं कपाटात गुंडाळून होता, काही झालं नाही. ते निवृत्त झाल्यावर कुणीतरी तो चुन्याच्या भिंतीवर टांगला, पावसाची ओल आली, आणि चुन्यानं आपलं काम केलं.

"ते शाबासकी घेतली अन् घरी येऊन शपथ घेतली," काका आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "पुन्हा हळद तोंडी लावणार नाई. खोटेपणाची शाबासकी होती ते. एक खाडाखोड दाखवा म्हणत होतो ना तुमाले? हे पाहा. हेच."

 इंजिनियर म्हणाला, "लेकिन सर, ये तो कोई भी बोल सकता है. प्रूफ क्या?"

"लिंबू है ना," काका म्हणाले. आधी त्यांनी कागदावरच्या लाल पट्ट्यावर लिंबाचा थेंब टाकला, तो पिवळा झाला. मग ते लिंबू घेऊन सरळ अस्सल नकाशाकडे वळले. साहेब ताडकन उठले. "नहीं, नहीं! सरकारी रेकॉर्ड है वो! हाथ नहीं लगाने का."

काका तसेच उभे राहिले, हातात लिंबू. "ठीक है साब. तो लिखके देव."

"क्या लिखके?"

"की सबूत सामने था, और आपने देखने से मना किया. तारीख के साथ."

गल्ली हसली. इतका वेळ माना घालून बसलेली माणसं मोठ्यानं हसली आणि मग टाळ्या वाजायला लागल्या. साहेब भला माणूस असावा, नाहीतर आम्हाला बाहेरच काढलं असतं. त्यांनी इंजिनियरकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "एक बूंद. सिर्फ एक. और मेरे सामने."

काकांनी लिंबू अलगद दाबलं आणि थेंब पडला तो बरोबर गल्लीच्या मधोमध, आमच्या घराच्या जागी. आम्ही सगळे टेबलाभोवती वाकलो. लालात एक ठिपका मावळत मावळत पिवळा झाला. मग काकांनी स्वतःहून विनंती केली आणि दुसरा थेंब बाजारपेठेच्या लालावर टाकला. तो लालच राहिला. ती शाई होती.

साहेबांनी नकाशा हळूच स्वतःकडे ओढला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाबा, समझ रहे हो न, आप क्या कबूल कर रहे? सरकारी नक्शे में हेराफेरी. इन्क्वायरी बैठ सकती. पेन्शन तक बात जा सकती."

काकांनी खिशातून दुसरा कागद काढला. "लिखके लाया, साब. उर्दू, तेलुगू, मराठी. तीन नकला. पोच दो."

आणि काकू काठी आपटत पुढं आल्या. साहेबांना मराठी येत नव्हती, त्याची पर्वा न करता म्हणाल्या, "हळद मी वाटली होती. माझंबी नाव लिहा. एकट्यायचं काऊन?" मी ते हिंदीत सांगायला गेले आणि मला रडूच आलं. सांगायला लाज कसली? ढसाढसा रडले त्या सभेत. साहेबांना ते भाषांतराशिवायच कळलं असावं. त्यांनी काकूंना खुर्ची द्यायला सांगितली.

घरी आल्यावर गल्ली नुसती नाचत होती. मी काकूंना म्हटलं, आज पिवळं वरण करा. काका म्हणाले, "निकाल लेखी आला काय? नाई ना? मग पांढरंच." आणि पांढरंच जेवले.

मधे त्यांना खुलासा मागणारी नोटीस आली. त्यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं, 'आधी दिलेला मजकूर खरा आहे, बदल नाही.' मी रोज टपालवाल्याची वाट पाहायचे. पुढं त्या कागदाचं काय झालं, कळलं नाही. पेन्शन येत राहिली.

काही महिन्यांनी पक्का आराखडा लागला. निम्मी गल्ली पाहायला गेली. संगणकावर छापलेला, चकचकीत, आणि आमची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी. लोकांनी काकांना पुढं ढकललं. त्यांनी बोट थुंकीनं ओलं केलं, आमच्या घरावर घासलं, बोट पाहिलं. काही लागलं नव्हतं. "पक्का हाय," म्हणाले. "आमच्या पिवळ्याची झाक नाई त्याले, पण पक्का हाय." मग खिशातून कागद काढून नकाशाखालचा क्रमांक आणि तारीख उतरवून घेतली.

त्या दुपारी मला जेवायला बोलावणं आलं, अर्थातच लेखी. ओट्यालगतच्या त्याच पुढच्या खोलीत तीन ताटं मांडली होती. काकूंनी पातेलं एकच ठेवलं होतं, आणि वरण इतकं पिवळं की मी म्हटलं, "काकू, डबाच ओतला की काय?" त्या म्हणाल्या, "एवढ्या वर्सांची बाकी हाय."

काकांनी भातावर वरण घेतलं, कालवलं आणि पहिला घास तोंडात घालून नुसते बसून राहिले. डोळे भरले होते. मग भराभर जेवायला लागले, भुकेल्यासारखे. वरण हनुवटीवरून ओघळून पांढऱ्या सदऱ्यावर पडलं, चांगला तळहाताएवढा डाग. काकू लगबगीनं उठायला लागल्या, "काढा तो सदरा, आत्ताच धुवून टाकते."

"बस वं," काका भरल्या तोंडानं म्हणाले. "अन् उद्या धुशीन तर साबण लावू नको. लाल होईन."